ज्योतिबाचं वय

संयोगिता माने चेहरे करायची. घोडे, तलवारी, सिंहासनं यांच्या वाटेला ती कधी गेली नाही. खांद्यापासून वरचा माणूस, एवढंच तिचं काम. पण तेवढ्यावर तिचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं होतं, दोन मोठे पुरस्कार मिळाले होते, आणि तरी ती रहिमतपूर सोडून कुठं गेली नव्हती. गावाबाहेरच्या एका जुन्या गुळाच्या वखारीत ती माती कालवत असायची. पत्रा तापला की त्या भिंतींना अजून गोडूस वास सुटायचा.

"एवढं जिवंत कसं करता?" असं कुणी विचारलं, की ती सांगायची, "मी काही करत नाही. नीट बघते, बस्स." सत्तेचाळीस वर्षांची होईपर्यंत तिला हे उत्तर खरंच वाटत होतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. हिवरटेकचे निवृत्त सुभेदार तानाजी तिच्याकडे आले. त्यांच्या गावचा ज्योतिबा नावाचा जवान तेवीस वर्षांमागं सरहद्दीवर बर्फाचा कडा कोसळून गेला होता. तेव्हा तो तेवीस वर्षांचाच होता. आता गावानं चौकात स्मारक बांधलं होतं, सव्वीस जानेवारीला त्यावर त्याचा अर्धपुतळा बसवायचा होता.

तानाजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. लष्कराच्या ओळखपत्रासाठी काढलेला. गोल चेहरा, कोवळी मिशी, कॅमेऱ्याला थोडी बुजलेली नजर.

"एवढा एकच फोटो हाय," ते म्हणाले. "मी त्याच्याच पलटणीत होतो. त्याची पेटी घेऊन गावात मीच आलो हुतो. त्याची आई हाय अजून, अंबूबाई. एकटीच असती. मातीचं काम झालं की तिला आणतो. तिनं व्हय म्हटलं की मग पुढचं."

"दहा दिवसांनी आणा," संयोगिता म्हणाली.

काम सोपं होतं. लोखंडी सांगाड्यावर तिनं माती चढवली, फोटोवरून मापं घेतली, कपाळ, नाक, जबडा बसवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटोतला पोरगा मातीत उतरला होता. ओलं फडकं पांघरून ती घरी गेली.

चौथ्या दिवशी फक्त डोळ्यांभोवतीचं काम राहिलं होतं. ती हात चालवत होती आणि डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं, बहुधा बँकेच्या फॉर्मचं. तिचं काम नेहमी असंच व्हायचं. हात पुढं जायचा, ती मागून जायची. चहासाठी दोन पावलं मागं सरकली आणि तिनं वर बघितलं, तर समोर तेवीस वर्षांचा पोरगा नव्हता. तिशी ओलांडलेला एक माणूस होता. गाल उतरले होते, जबड्याची कड वर आली होती.

दमले असेन, असं म्हणून तिनं फोटो पुन्हा समोर लावला आणि गाल भरले. संध्याकाळपर्यंत पोरगा परत आला.

पाचव्या दिवशी तेच झालं. या वेळी माणूस चाळिशीचा होता. केस कपाळावरून मागं सरकले होते, भुवईखालची कातडी जड झाली होती. तिनं ते सगळं पुसलं. सहाव्या दिवशी तिनं मुद्दाम हाताकडे लक्ष ठेवून काम केलं. एकेक बोट बघत. तासभर सगळं ठीक होतं. मग शेजारच्या रानात कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला, तिचं लक्ष क्षणभर तिकडं गेलं, आणि परत वळली तेव्हा तिचा अंगठा त्या चेहऱ्याच्या डोळ्याखाली फुगवटी बसवत होता. अगदी सावकाश, कुणाच्या तरी सांगण्यावरून केल्यासारखा.

तिनं हात मागं घेतला. हात गार पडला होता.

ती रोज काम संपताना मोबाइलवर फोटो काढून ठेवायची. पुसायच्या आधीचेही तिच्याकडे होते. ते तिनं ओळीनं लावून बघितले. ते चुकलेल्या कामाचे फोटो वाटत नव्हते. एकाच माणसाचे, काही काही वर्षांच्या अंतरानं काढलेले वाटत होते. कान तेच, जिवणी तीच, आणि प्रत्येक फोटोत थोडा पुढं गेलेला. शेवटच्या फोटोत नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक खळगे होते. ते कशाचे आणि आपण कधी केले, हे तिला आठवेना. तेव्हा मात्र ती घाबरली. भर दुपारी दार सताड उघडं ठेवून ती वखारीबाहेर पायरीवर बसून राहिली.

दहाव्या दिवशी तानाजींनी अंबूबाईला आणून सोडलं आणि ते तालुक्याला कामाला गेले. संयोगितानं सकाळपासून चेहरा तीनदा लहान केला होता आणि तीनदा तो मोठा झाला होता. शेवटी तिनं फडकं टाकून झाकून ठेवला. म्हातारीला सांगायचं, अजून व्हायचाय, असं तिनं ठरवलं होतं.

अंबूबाई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. अंगानं वाळकी, पण चालणं ताठ. तिनं काही विचारलं नाही. सरळ पुढं जाऊन फडकं उचललं.

संयोगिता म्हणाली, "मावशी, थांबा, ते अजून..."

अंबूबाई बघत राहिली. मग तिनं मान जरा तिरकी केली. "चष्मा कुठाय?"

"कुणाचा?"

"त्येचा. नाकावर खुणा हायत न्हवं? गेल्या दिवाळीपास्नं लागलाय त्येला. दारात आला की काढून हातात धरतो."

संयोगितानं नाकावरच्या त्या दोन खळग्यांकडे बघितलं.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "ज्योतिबा तर..."

"गेला. व्हय. म्या न्हाऊ घातलाय की त्येला. चार दिस बर्फात पडल्यालं अंग. ह्या बोटास्नी अजून गार लागतं." तिनं बोटं पुढं करून दाखवली, भाजल्याचा डाग दाखवावा तशी. "गेला म्हंजी यायचा थांबला व्हय गं? दुपारच्याला येतो. म्या भाकरी टाकत असती तवा. उंबऱ्याभाईर बसतो, आत येत न्हाई. पयल्यांदा आला तवा पोरच हुता. आता केस गेलं फुडचं. त्येच्या बापाचं बी असंच गेलं."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? येक तर देवरुश्याकडं नेत्याल, न्हाईतर डाक्टरकडं. आन् मग त्यो यायचा न्हाई." ती पुन्हा मातीकडे वळली. "तू कवा बघितलास त्येला?"

"मी नाही बघितला, मावशी."

"मग हाताला कुणी दावला?"

आजवर हजार लोकांना दिलेलं उत्तर ओठावर येऊन तिथंच सुकलं.

दुसऱ्या दिवशी ती औंधला गेली. यमाईच्या डोंगराखाली नाथाजी अण्णा राहत होते. लहानपणी तिला माती मळायला शिकवलं ते त्यांनीच. एके काळी त्यांच्यासारखे चेहरे करणारा माणूस या मुलखात दुसरा नव्हता. पण पस्तीस वर्षांपूर्वी, ऐन भरात असताना त्यांनी काम सोडलं. डोळे अधू झाले, असं ते सांगायचे. आज वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचत बसले होते.

तिनं मोबाइलवरचे फोटो ओळीनं दाखवले. तिसऱ्या फोटोलाच अण्णांनी मोबाइल पालथा करून ठेवला.

"किती दिवस पुसतीयस?" त्यांनी विचारलं.

"सात दिवस."

"अजून येतोय?"

"रोज."

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "माझे डोळे अधू झाले नव्हते. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही."

त्यांनी जे सांगितलं ते असं. एका शेतकऱ्याची आठ वर्षांची मुलगी विहिरीत पडून गेली होती. बापानं फोटो आणून दिला आणि तिचा चेहरा करायला सांगितला. अण्णांनी माती लावली, आणि मुलगी त्यांच्या हाताखाली मोठी व्हायला लागली. दहाची झाली, तेराची झाली, वेणी लांब झाली, मान उंच झाली. अण्णा भरात होते, नाव झालं होतं, हात आपल्या ताब्यात आहे याचा त्यांना गर्व होता. रोज ते फोटो समोर धरायचे आणि तिला कापून कापून आठ वर्षांची करायचे. महिनाभर हे चाललं. शेवटी घाईघाईनं साचा काढला आणि ओतकाम करून टाकलं. हुबेहूब झाली. प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं.

"मूर्ती घरी पोचवायला मी स्वतः गेलो," अण्णा म्हणाले. "बाप रडला, माझ्या पाया पडला. आई दारात उभी होती. तिनं मूर्तीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, हिला दुसऱ्यांदा का बुडवली?"

बाहेर अंगणात कुणीतरी शेंगा वाळत घातल्या होत्या. अण्णा तिकडं बघत होते.

"म्हणजे तिलाही दिसत होती?"

"विचारायचं धाडस झालं नाही. परत आलो, माती लावली. हात चालत होता, मापं बरोबर येत होती, नाक नाकासारखं, डोळा डोळ्यासारखा. पण जे यायचं ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. लोकांना कळलं नसतं, मला कळत होतं. आपण म्हणतो, मला सुचलं, मी केलं. मी आयुष्यभर तसंच म्हणत होतो. पण ते दुसरीकडून येतं, आणि आपण नुसतं दार उघडायचं असतं. एकदा मी तोंडावर दार लावलं. परत कोण कशाला येईल?"

"अण्णा, मला भीती वाटते."

"वाटणारच. मलाही वाटली होती, म्हणून तर लावलं." त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. "मी तुला काही सांगणार नाही, संयोगिता. भीती घेऊन जगता येतं. हात नुसता हात झाला की मात्र दिवस फार लांब होतो, एवढंच मला माहीत आहे."

ती रहिमतपूरला परतली आणि फोटो पाकिटात घालून कपाटात ठेवला. मग तिनं ओली माती घेतली आणि हाताला जाऊ दिलं. अडवलं नाही, घाईही केली नाही. तीन दिवसांत कानांच्या पाळ्या जड झाल्या, ओठांच्या कडांना मुरड पडली, कपाळावर दोन आडव्या रेषा आल्या. चौथ्या दिवशी हात आपणहून थांबला. समोर शेहेचाळीस वर्षांचा एक शांत माणूस होता, उन्हातून चालत आल्यासारखा जरा दमलेला. तिनं आजवर केलेल्या सगळ्या चेहऱ्यांत तो चांगला होता, हे तिला बघताक्षणी कळलं. तो तिनं केलेला नव्हता, हेही कळलं.

तानाजी आले. दारातून आत दोन पावलं टाकली आणि थबकले.

"हे कोण?"

"ज्योतिबा."

तानाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. चेहऱ्याच्या एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं, पण जवळ गेले नाहीत. "म्याडम, त्याला म्या पेटीतनं आणलाय. ह्या खांद्यावरनं. आवं, मग हा कोण?" मग ते म्हणाले, "परवा गावात, अंबूबाईच्या दारावरनं जाताना, कुणीतरी बसल्यालं दिसलं हुतं मला. पाव्हणा असंल म्हटलं. पाठमोरा हुता." एवढं बोलून ते बाहेर निघून गेले आणि जीपला टेकून उभे राहिले. पुन्हा आत आले नाहीत.

समितीनं अर्थातच तो चेहरा नाकारला. शाळेतल्या पोरांना तेवीस वर्षांचा जवान दिसायला हवा होता, आणि ते काही चूक नव्हतं. सांगलीतल्या एका कारागिरानं फोटोवरून महिनाभरात देखणा पुतळा करून दिला. छाती भरदार, मिशीला पीळ. सव्वीस जानेवारीला त्याचं अनावरण झालं, बँड वाजला, पोरांनी घोषणा दिल्या. अंबूबाईनं हार घातला. शेजारी उभ्या असलेल्या संयोगिताला ती हळूच म्हणाली, "झ्याक हाय. कुणाचा हाय?"

वखारीतल्या मातीचं काय करायचं हा प्रश्न राहिला. माती तशीच ठेवली तर वाळते आणि तडकते, म्हणून साचा काढून प्लॅस्टरमध्ये ओतून घ्यायचं संयोगितानं ठरवलं. तसं तिनं अंबूबाईला सांगितलं.

"साचा काढायचा न्हाई," म्हातारी एकदम म्हणाली. "साचा काढलास तर त्यो तितंच थांबंल. त्येला थांबवू नगंस, पोरी."

"पण माती टिकणार नाही, मावशी. रोज भिजवावी लागेल."

"मग भिजवीन की. तुळशीला घालती तसं घालीन."

आयुष्यात संयोगितानं एकही काम मातीत सोडलं नव्हतं. सांगाड्यासकट तो चेहरा टेम्पोतून हिवरटेकला गेला आणि अंबूबाईच्या घरात मागच्या सोप्यावर एका लाकडी चौरंगावर बसला. म्हातारी रोज सकाळी ओलं फडकं बदलायची. दुपारी भाकरीच्या वेळेला फडकं काढून ठेवायची.

संयोगिताची कामं चालूच होती. तिच्या हातून आता जे चेहरे येत होते ते लोक बघतच राहायचे. मासिकांतून लेख आले, परदेशातून बोलावणं आलं. मुलाखतीत कुणी तो जुना प्रश्न विचारला, की ती "सांगता येत नाही" म्हणायची आणि पाणी मागायची. एकटी असताना माती कालवायला घेतली, की आधी दारापर्यंत जाऊन बाहेर बघून यायची तिला सवय लागली. बाहेर कुणी नसायचं.

उन्हाळा सरता सरता अंबूबाईचा शेजारच्या घरातून फोन आला. "त्येचं केस पिकल्यात. येऊन जा."

ती गेली. चौरंगासमोर बसली, माती ओली केली, आणि हात चालला. उठली तेव्हा पंचावन्न-साठीचा माणूस समोर होता. सहा महिन्यांत दहा-बारा वर्षं कशी गेली, हे तिनं विचारलं नाही. दिवाळीला गेली तेव्हा गालाची हाडं वर आली, गळ्याची कातडी सुटली, डोळे आत गेले. सत्तरीचा चेहरा. आता तो अंबूबाईचा मुलगा वाटत नव्हता, भाऊ वाटत होता.

"आता लवकर लवकर जातंय त्येचं," अंबूबाई म्हणाली. "पयलं वरसाला वरीस जायचं. तू हात लावल्यापास्नं लय पळतंय."

"मी येऊ नको का?"

"तू न्हाई आलीस तरी त्यो म्हातारा हुतुयाच. उंबऱ्यावर बसतो तवा दिसतंय की मला. तू आलीस की ह्यो मातीतला बी त्येच्या संगं ऱ्हातो, येवढंच."

यंदाच्या मार्चमध्ये ती शेवटची गेली. त्या दिवशी हात फार वेळ चालला. बोटं इतकी हलकी पडत होती, की आपण मातीला शिवतो आहोत की नाही, हेही तिला कळत नव्हतं. उन्हं कलली तेव्हा हात थांबला. चौरंगावर नव्वदीच्या घरातला एक म्हातारा होता. तोंडाचं बोळकं झालेलं, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या, नजर कुठंतरी लांब, या घरातली नसलेली. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. ओळखही फारशी नव्हती.

स्वयंपाकघरातून अंबूबाई चहाचे कप घेऊन आली. सोप्याच्या दारात ती थांबली. कप खाली ठेवले, डोक्यावरचा घसरलेला पदर पुढं ओढला, कपाळापर्यंत घेतला आणि खाली मान घालून आत आली. गावातल्या बायका थोरल्या पुरुषमाणसासमोर येतात तशी.

"आवं," ती मातीच्या चेहऱ्याला म्हणाली, "च्या घेता न्हवं?"

आजवर म्हातारी त्याला "काय रं" म्हणत होती.

"मावशी, आता तरी साचा काढू का?" संयोगितानं विचारलं. "इथंच थांबवू?"

अंबूबाईनं पदर तसाच धरून ठेवला. "आता त्यो माझ्यापरास थोर झाला, पोरी. थोरल्या माणसाला मी कशी थांब म्हणू?"

तिनं बादलीतलं फडकं पिळलं आणि दोन्ही हातांनी, जरा दबकत, त्या म्हाताऱ्या डोक्यावर पांघरलं. मग ती उंबऱ्याकडे गेली आणि बाहेर ऊन असलेल्या जागेवर कुणासाठी तरी पाट मांडला.